स्कॉटलंडमधल्या आमदाराकरवी सरकारला जाब कसा विचारायचा

नवऱ्याच्या पित्ताशयात खडे निघाले. सर्जननी शस्त्रक्रिया सांगितली, त्याने होकार दिला आणि आम्ही तारखेची वाट बघू लागलो. १२ आठवडे गेले, २० गेले. रात्री दोन-अडीचला कळ यायची, तो पलंगाच्या कडेला वाकून बसायचा आणि मी गरम पाण्याची पिशवी भरत राहायची. दवाखान्यात फोन केला की एकच उत्तर मिळायचं : नाव यादीत आहे. शेवटी मी आमच्या भागाच्या खासदाराला सविस्तर मेल लिहिली. १८ दिवसांनी त्यांच्या कार्यालयाकडून नम्र उत्तर आलं. आरोग्य हा विषय वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधल्या यूकेच्या संसदेच्या, हातात नाही, कृपया आपल्या आमदाराकडे जा.

ते १८ दिवस माझ्या अज्ञानाने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख. एडिंबरा, ग्लासगो, ॲबर्डीनच्या मराठी घरांत इथल्या आरोग्यसेवेबद्दल, शाळांबद्दल, घरभाड्याबद्दल खूप बोललं जातं, पण ती तक्रार सरकारच्या टेबलापर्यंत नेण्याचा रस्ता फार थोड्यांना माहीत असतो. रस्ता आहे, आणि तो आपल्यासाठीही तेवढाच मोकळा आहे. २०२० च्या कायद्यानंतर स्कॉटलंडमध्ये कायदेशीर राहणाऱ्या आणि १६ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही स्कॉटिश संसदेच्या आणि काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, निवडणुकीत मत देता येतं, पासपोर्ट कुठलाही असो. पण मतदार यादीत नाव नसलं तरी आमदाराकडे जाता येतं. तुम्ही त्या भागात राहता, एवढं पुरे.

या लेखात मी एमएसपीला, म्हणजे स्कॉटिश संसदेच्या सदस्याला, आमदार आणि एमपीला, म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या सदस्याला, खासदार म्हणणार आहे. आपल्याला ते शब्द सवयीचे आहेत आणि कामाची विभागणीही बरीचशी तशीच आहे.

पायरी १ : दार कुठलं, ते आधी ठरवा

१९९७ च्या सप्टेंबरमध्ये स्कॉटिश जनतेने सार्वमतात स्वतःच्या संसदेला कौल दिला, १९९८ चा स्कॉटलंड कायदा झाला आणि १ जुलै १९९९ पासून एडिंबऱ्यातल्या हॉलिरूडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या, संसदेकडे अधिकार आले. या कायद्याची रचना लक्षात ठेवण्याजोगी आहे. वेस्टमिन्स्टरने काय राखून ठेवलं, त्याची यादी कायद्यात आहे. यादीत जे नाही, ते स्कॉटलंडचं.

राखीव गोष्टींत व्हिसा आणि स्थलांतर, परराष्ट्र धोरण, संरक्षण, सरकारी पेन्शन, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा भत्ता), नोकरीविषयक कायदे येतात. या सगळ्यांसाठी खासदार. आरोग्य, शिक्षण, पोलीस आणि न्यायालयं, घरं, शेती, पर्यावरण, बरीचशी वाहतूक हे सगळं स्कॉटिश सरकारचं. २०१६ च्या कायद्यानंतर आयकराचे दर आणि काही भत्तेही इकडे आले. स्कॉटिश चाइल्ड पेमेंट किंवा ॲडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट अडकलं असेल, तर आमदार.

तिसरं दार काउन्सिलचं. स्कॉटलंडमध्ये ३२ काउन्सिलं आहेत. शाळेतला प्रवेश, कचरा, गल्लीतल्या रस्त्यावरचे खड्डे यांसाठी आधी नगरसेवक गाठा. मात्र ट्रंक रोड, म्हणजे मोठे महामार्ग, स्कॉटिश सरकारकडे आहेत. शाळेत वर्गमदतनीस मिळत नाही ही तक्रार काउन्सिलची. परीक्षा कशा घ्यायच्या, अभ्यासक्रम काय ठेवायचा, हा प्रश्न सरकारचा. एकाच तक्रारीचे दोन भाग अनेकदा दोन दारांत जातात, हे मान्य करूनच पुढे चला.

पायरी २ : आठांपैकी कोण?

हॉलिरूडमध्ये १२९ आमदार आहेत. ७३ मतदारसंघांतून, ५६ प्रादेशिक यादीतून. ८ प्रदेश, प्रत्येकी ७. याचा अर्थ तुम्ही स्कॉटलंडमध्ये कुठेही राहत असा, तुमचे आमदार आठ आहेत. एक मतदारसंघाचा, सात प्रदेशाचे. आठही सारखेच तुमचे आहेत आणि त्यांच्यातून निवड तुम्ही करायची आहे. संसदेच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की आठही नावं येतात.

निवडताना मी तीन गोष्टी बघते. पहिली, तो आमदार मंत्री आहे का? मंत्री सभागृहात सरकारला प्रश्न विचारत नाही. तो तुमच्यासाठी पत्र लिहील, पण प्रश्नाचं हत्यार त्याच्या हातात नसतं. दुसरी, तुमच्या विषयाच्या समितीवर आठांपैकी कुणी आहे का? आरोग्य समितीवरचा सदस्य असेल तर तुमचं पत्र त्याला आयतीच सामग्री पुरवतं. तिसरी, त्याने आजवर काय विचारलंय? प्रत्येक आमदाराच्या पानावर त्याचे सगळे प्रश्न दिसतात. अर्धा तास काढून ते वाचा. सरकारला घेरायची सवय असलेला माणूस चार प्रश्नांतच कळतो.

विरोधी पक्षाचाच आमदार हवा असं मात्र नाही. सत्ताधारी बाकावरच्या सदस्याने प्रश्न लावला की मंत्रालयात तो वेगळ्या गांभीर्याने घेतला जातो, हे मी पाहिलंय. आणि एकाच वेळी आठांनाही तीच मेल पाठवू नका. प्रत्येक कार्यालय दुसऱ्याची वाट बघतं. प्रादेशिक आमदाराने तुमचं प्रकरण घेतलं की त्याने मतदारसंघाच्या आमदाराला तसं कळवावं असा आचारसंहितेचा नियम आहे. तुम्हाला ते नको असेल तर स्पष्ट सांगा, मग तो कळवणार नाही.

पायरी ३ : पहिली मेल

आमदार मंगळवार ते गुरुवार संसदेत असतात. सोमवार-शुक्रवार मतदारसंघात, तेव्हा त्यांची भेटीची वेळ असते. तिला इथे सर्जरी म्हणतात. तुमची मेल पहिल्यांदा वाचणारी व्यक्ती बहुधा आमदार नसते, त्याच्या कार्यालयात लोकांच्या तक्रारी हाताळणारी केसवर्कर असते. तिच्याकडे रोज अशा कितीतरी मेल येतात. तिचं काम सोपं करा.

एका पानात लिहा. सुरुवातीलाच पूर्ण नाव, पत्ता, पिनकोड. मग तारखा, एकाखाली एक : केव्हा तपासणी झाली, केव्हा होकार दिला, केव्हा पत्र आलं. त्याखाली तुम्ही आधी काय केलंत. रुग्णालयाकडे तक्रार केली असेल तर तिचा क्रमांक. शेवटच्या दोन ओळींत काय हवंय ते. दुसऱ्याच्या वतीने लिहीत असाल तर त्या व्यक्तीची लेखी संमती सोबत जोडा, नाहीतर पहिला आठवडा तीच मागण्यात जातो. नवऱ्याची सही घ्यायला मी विसरले होते.

आणि इथेच एक फरक नीट समजून घ्या, सगळा लेख त्यावर उभा आहे. *तुमचं प्रकरण* आणि *तुमच्या प्रकरणामागचं धोरण* या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकरणासाठी आमदार आरोग्य मंडळाच्या, म्हणजे त्या भागाची सरकारी आरोग्यसेवा चालवणाऱ्या संस्थेच्या, मुख्याधिकाऱ्याला पत्र लिहितो. ते खासगी असतं आणि त्याला उत्तर येतं. संसदेत प्रश्न विचारला जातो तो धोरणावर. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन कधी, हा संसदेचा प्रश्न नाही. या मंडळात १२ आठवड्यांच्या पलीकडे किती जण ताटकळलेत आणि सरकार त्याबद्दल काय करतंय, हा आहे. मेलमध्ये दोन्ही मागा, पण दोन वेगळ्या परिच्छेदांत.

पायरी ४ : लेखी प्रश्न, आणि तो कसा घडवायचा

विधानसभेतले तारांकित-अतारांकित प्रश्न आपल्याला ऐकून माहीत असतात. अतारांकिताचा इथला भाऊ म्हणजे लेखी प्रश्न. आमदार तो हवे तेवढे लावू शकतो, सरकारने साधारण १० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. संसदेला सुट्टी असेल तर २० दिवस. प्रश्नाला क्रमांक मिळतो, उत्तर जाहीर होतं आणि कायम राहतं. २०२१ मध्ये निवडून आलेल्या सहाव्या संसदेतल्या लेखी प्रश्नांचे क्रमांक एस-६-डब्ल्यू असे सुरू होतात. सगळे संकेतस्थळावर शोधता येतात.

केसवर्करला तयार मसुदा दिलात तर प्रश्न लागण्याची शक्यता कितीतरी वाढते. म्हणून मसुदा तुम्हीच लिहा, अर्थात इंग्रजीत. सुरुवात ठरलेली असते : ‘स्कॉटिश सरकारला विचारण्यात येते की...’. त्यापुढे एकच प्रश्न, एका वाक्यात. प्रश्न सरकारच्या अखत्यारीतला हवा आणि सहज उपलब्ध असलेली माहिती त्यात मागितलेली नको. पब्लिक हेल्थ स्कॉटलंड ही सरकारी संस्था प्रतीक्षायाद्यांचे आकडे नियमित प्रसिद्ध करतं. आधी ते बघा. जे तिथे आहे ते विचारलंत तर मंत्री फक्त त्या पानाकडे बोट दाखवेल.

माझा पहिला मसुदा असा होता : ‘शस्त्रक्रियेसाठी लागणारा अतोनात उशीर कमी करण्यासाठी सरकार काय करतंय?’ मनापासून लिहिलेला, पण अगदी निकामी. अशा प्रश्नाला मंत्री तीन परिच्छेद लिहितो. आम्ही एवढा निधी दिला, अमुक आराखडा आणला, कर्मचाऱ्यांचे आभार. खोटं एकही वाक्य नसतं, आणि उत्तरही नसतं.

केसवर्करने मला फोन करून अर्धा तास शिकवलं, त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी आधी विचारलं, सरकारने स्वतः कायद्यात काय कबूल केलंय? मी शोधलं. २०११ च्या रुग्णहक्क कायद्यात उपचारवेळेची हमी आहे : रुग्णाने होकार दिल्यापासून १२ आठवड्यांच्या आत नियोजित शस्त्रक्रिया. हे नुसतं उद्दिष्ट नाही, मंडळांवरचं कायदेशीर बंधन आहे. मग आम्ही दोघींनी मिळून एकाचे तीन प्रश्न केले. अमुक मंडळात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी १२ आठवड्यांची हमी मोडलेले रुग्ण अमुक तारखेला किती होते. त्यांपैकी ३६ आठवड्यांच्या पुढे किती. आणि ती हमी पुन्हा पाळली जाईल अशी कुठली तारीख सरकारने मंडळाकडून घेतली आहे.

आकडा, तारीख, कायद्याचं कलम. विशेषणं सगळी गेली. रागही गेला असं वाटलं होतं, पण छापील प्रश्न वाचताना तो तिथेच होता, उलट जास्त ठळक.

आता उत्तरांबद्दल. टोलवाटोलवीची ठराविक वाक्यं आहेत, आणि ती ओळखता आली की अर्धं काम झालं.

‘ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही.’ हे सर्वांत जास्त वेळा येतं, आणि बहुतेकदा खरंही असतं. स्कॉटलंडमध्ये १४ प्रादेशिक आरोग्य मंडळं आहेत, प्रत्येकाच्या नोंदी वेगळ्या. म्हणजे माहिती मंडळाकडे आहे, ती पायरी ५ ने काढा. पण सोबत पुढचा प्रश्नही लावून द्या : कायदेशीर हमी पाळली जाते की नाही, हे केंद्रीय माहितीशिवाय सरकार कसं तपासतं? या प्रश्नाला ‘माहिती नाही’ असं उत्तर देता येत नाही.

‘हा मंडळाच्या दैनंदिन कारभाराचा भाग आहे.’ हे हात झटकणं आहे. मंडळांना पैसा सरकार देतं, मंडळांचे अध्यक्ष मंत्री नेमतात. शिवाय अडचणीत आलेल्या मंडळांसाठी पाच टप्प्यांची एक चौकट आहे. मंडळ जितकं घसरेल तितका वरचा टप्पा, तितका सरकारचा हस्तक्षेप जास्त. तेव्हा विचारा, हे मंडळ प्रतीक्षायाद्यांच्या बाबतीत सध्या कुठल्या टप्प्यावर आहे आणि खालच्या टप्प्यावर यायला सरकारने त्याला कोणत्या अटी घातल्यात? हे ठरवतं सरकारच, त्यामुळे मंडळाकडे ढकलायला जागा उरत नाही.

‘मंत्री मंडळाच्या नेतृत्वाशी नियमित चर्चा करतात.’ हे उत्तर तुम्ही स्वतः ओढवून घेतलेलं असतं, कारण तुम्ही ‘कोणती चर्चा केली’ असं विचारलेलं असतं. ‘कोणत्या तारखांना या विषयावर बैठक झाली’ असं विचारा.

कधीकधी मुदतीत नुसती पोच येते, उत्तर नंतर देऊ म्हणून. ती तारीख वहीत मांडून ठेवा आणि दोन आठवड्यांनी केसवर्करला आठवण करा. कार्यालयाकडे शेकडो प्रश्न असतात. पाठपुरावा तुमचा.

पायरी ५ : माहिती स्वतः मिळवा

आपला माहितीचा अधिकार आला २००५ मध्ये. स्कॉटलंडचा २००२ चा माहिती स्वातंत्र्य कायदाही १ जानेवारी २००५ पासूनच लागू झाला. यूकेच्या कायद्याहून तो वेगळा आहे, त्यामुळे अर्जात स्कॉटलंडच्या कायद्याचं नाव घाला. आरोग्य मंडळ, काउन्सिल, पोलीस, सरकारी खाती, सगळ्यांना लागू. अर्जाला फी नाही, फॉर्म नाही, ईमेल चालते. २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर यायला हवं. माहिती काढायचा खर्च ६०० पौंडांच्या वर जात असेल तर ते नकार देऊ शकतात, म्हणून मागणी आटोपशीर ठेवा : एक शस्त्रक्रिया, एक मंडळ, दोन वर्षं. नकार आला किंवा उत्तर अपुरं वाटलं तर आधी त्याच संस्थेकडे ४० कामकाजाच्या दिवसांच्या आत फेरतपासणी मागायची, मग सहा महिन्यांच्या आत स्कॉटिश माहिती आयुक्तांकडे अपील. फेरतपासणीची पायरी वगळून आयुक्तांकडे जाता येत नाही. ती घाई करू नका.

मिळालेला कागद लगेच आमदाराच्या कार्यालयाला पाठवा. जे सरकारने ‘आमच्याकडे नाही’ म्हटलं होतं ते तुमच्या हातात आहे, ही पुढच्या पायरीची शिदोरी.

पायरी ६ : सभागृहात

तोंडी प्रश्नांच्या वेळा ठरलेल्या आहेत. मंगळवारी ताज्या विषयांवर, बुधवारी दुपारी खातेनिहाय, गुरुवारी ११.४० ला सर्वसाधारण प्रश्न आणि बरोबर १२ वाजता फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे इथल्या मुख्यमंत्र्यांना प्रश्न. टीव्हीवर दिसतो तो शेवटचा. तिथे पहिला वेळ पक्षनेत्यांचा असतो आणि आवाज चढलेले असतात. तुमच्या विषयाला तिथे जागा मिळाली तर सोनं, पण त्याच्यामागे लागू नका. मला स्वतःला बुधवारची खातेनिहाय वेळ जास्त उपयोगाची वाटते. त्या खात्याचा मंत्री समोर असतो, विषय कळणारे सदस्य बसलेले असतात.

खातेनिहाय आणि सर्वसाधारण वेळेसाठी आमदारांची नावं सोडतीने निघतात. निघालं तर मूळ प्रश्न आधी छापला जातो आणि मंत्री त्याचं लिहून आणलेलं उत्तर वाचतो. खरी कसोटी पुढच्या उपप्रश्नाची, कारण तो आधी कळवावा लागत नाही. म्हणून मूळ प्रश्न साधा ठेवायचा आणि माहिती अधिकारात मिळालेला आकडा उपप्रश्नासाठी राखायचा. आमदाराला त्यासाठी दोन ओळी द्या, दोन पानं नकोत. त्याला बोलायला मिनिटभरसुद्धा मिळत नाही. त्या दोन ओळींत एका माणसाची गोष्ट आणि एक आकडा असावा, आणि माणसाची संमती घेतलेली असावी.

प्रेक्षागृहाची तिकिटं फुकट असतात, आधी नोंदवायची. मी गेले होते. २००४ मध्ये उघडलेली ती इमारत, ओकच्या लाकडाची बाकं, वरून उतरणारा उजेड. आमच्या आमदाराने नवऱ्याचं नाव न घेता त्याच्या आठवड्यांची संख्या वाचली. मंत्री क्षणभर कागद चाळत राहिले आणि म्हणाले, मी स्वतः यात लक्ष घालून सदस्यांना लेखी कळवेन. माझ्या हातात रुमाल होता, त्याची मी घडी घालत आणि मोडत होते. घरी पोचून रात्री अधिकृत वृत्तान्त उघडला तर ते वाक्य शब्दन् शब्द छापलेलं होतं.

पायरी ७ : समित्या आणि लेखापरीक्षण

हॉलिरूडला वरचं सभागृह नाही. कायदे तपासायचं आणि सरकारची झाडाझडती घ्यायची दोन्ही कामं समित्या करतात. १९९८ च्या कायद्याच्या कलम २३ ने संसदेला साक्षीदार बोलावण्याचा आणि कागदपत्रं मागवण्याचा अधिकार आहे. समिती एखादा विषय घेते तेव्हा लोकांची मतं मागवते. तिथे तुम्ही स्वतः लिहू शकता, आमदाराची मध्यस्थी लागत नाही. शरद ऋतूत समित्या अर्थसंकल्पाआधीची तपासणी करतात. स्कॉटिश अर्थसंकल्पाचा साधारण तिसरा हिस्सा आरोग्य आणि सामाजिक काळजीकडे जातो, त्यामुळे तेव्हा मांडलेला मुद्दा नेमक्या वेळी पोचतो.

आपल्या लोकलेखा समितीसारखी इथे पब्लिक ऑडिट कमिटी आहे. ऑडिटर जनरल तिच्यापुढे अहवाल ठेवतात. एखाद्या संस्थेच्या हिशेबात गंभीर काही आढळलं तर तो कलम २२ चा अहवाल. तुमच्या मंडळावर असा अहवाल निघालाय का ते बघा, असेल तर आमदाराच्या पत्रात त्याचा उल्लेख हवाच.

लेखापरीक्षणाने काय साधतं ते फेरीबोटींच्या प्रकरणात दिसलं. बेटांवरच्या लोकांसाठी दोन बोटी बांधायचं ९७ दशलक्ष पौंडांचं कंत्राट २०१५ मध्ये पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन गोदीला दिलं गेलं. २०१८ मध्ये त्या धावायला हव्या होत्या. पहिली, ग्लेन सॅनॉक्स, २०१७ मध्ये थाटात पाण्यात सोडली तेव्हा तिच्या काही खिडक्या नुसत्या रंगवलेल्या होत्या. ती ॲरन बेटासाठी प्रवासी घेऊन निघाली जानेवारी २०२५ मध्ये. मधल्या काळात आमदारांनी खर्चावर, दोषावर, राजीनाम्यावर कितीतरी वेळा विचारलं. पण सरकारची सर्वांत जास्त अडचण झाली ती एका साध्या मुद्द्याने. पूर्ण परताव्याची हमी नसताना मंत्र्यांनी हे कंत्राट पुढे न्यायला मान्यता का दिली, याचा लेखी पुरावा सापडत नाही, असं ऑडिट स्कॉटलंड या लेखापरीक्षण संस्थेने मार्च २०२२ मध्ये लिहिलं. मग आठवडाआठवडा तोच सवाल होत राहिला : कागद कुठे आहे? मे महिन्यात मान्यतेची एक मेल बाहेर आली, पण का दिली याचं पूर्ण उत्तर तिच्यातही नव्हतं. यातून मी एवढं उचललं की निर्णय कुणी, कोणत्या तारखेला, कुठल्या टिपणीवर घेतला, हा प्रश्न प्रत्येक विषयात विचारावा.

पायरी ८ : पिटिशन, जेव्हा तुमच्यासारखे अनेक असतात

स्कॉटिश संसदेत पिटिशन द्यायला एक सही पुरते. विषय राष्ट्रीय धोरणाचा आणि स्कॉटलंडच्या अखत्यारीतला हवा, वैयक्तिक तक्रार चालत नाही. नियमांत बसली की ती पिटिशन समितीपुढे जाते.

२०१४ मध्ये दोन स्त्रियांनी तशी एक पिटिशन दिली. प्रसूतीनंतरच्या त्रासासाठी शस्त्रक्रिया करून शरीरात बसवलेल्या कृत्रिम जाळीने त्यांच्या शरीराची वाताहत केली होती. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी समितीपुढे बसून ते सांगितलं. त्याच जूनमध्ये आरोग्यमंत्री ॲलेक्स नील यांनी या शस्त्रक्रिया थांबवायला मंडळांना सांगितलं. तरी त्या पूर्ण थांबल्या नाहीत. पुढे लेबरचे नील फिंडले, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे जॅक्सन कार्लो आणि मंत्रिपद सोडल्यावर सत्ताधारी एसएनपीचे (स्कॉटिश नॅशनल पार्टी) स्वतः ॲलेक्स नील, तीन पक्षांच्या तीन आमदारांनी हा विषय लावून धरला. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने शस्त्रक्रिया बंद करायला लावल्या. खासगीत जाळी काढून घेतलेल्यांना पैसे परत देण्याचा कायदा २०२२ मध्ये झाला. आठ वर्षं. फिंडले आणि नील तोवर संसदेत उरलेही नव्हते. त्या बाया मात्र मागे हटल्या नाहीत.

एका पक्षाचा आमदार बोलला की मंत्री त्याला राजकारण म्हणू शकतो. तीन पक्षांचे बोलले की तसं म्हणता येत नाही. म्हणून जमेल तिथे आठांपैकी दुसऱ्या पक्षाचा एक जण मागाहून सोबत घ्या, पहिल्याला सांगून.

आमदार स्वतःचं विधेयकही आणू शकतो. मोनिका लेनन यांनी आणलेल्या विधेयकामुळे पाळीच्या वस्तू मोफत देणारा स्कॉटलंड जगातला पहिला देश ठरला. नोव्हेंबर २०२० मध्ये ते एकमताने मंजूर झालं. पण हा काही वर्षांचा रस्ता आहे, घरच्या एका तक्रारीसाठी त्याची आशा धरू नये.

पायरी ९ : आश्वासनाची वही

महाराष्ट्राच्या विधिमंडळात आश्वासन समिती असते. मंत्र्याने सभागृहात ‘करतो’ म्हटलं की ते नोंदवून त्याचा माग काढणं हे तिचं काम. हॉलिरूडमध्ये अशी समिती नाही, ते काम आपल्याला करावं लागतं. मी शाळेची जुनी वही घेतली. डाव्या पानावर मंत्र्याचं वाक्य, वृत्तान्तातली तारीख, प्रश्नाचा क्रमांक. उजव्या पानावर पुढे काय झालं. ‘लेखी कळवेन’ या वाक्यासमोर पाच आठवडे काहीच नव्हतं. मी केसवर्करला कळवलं, आमदाराने त्याच वाक्याचा हवाला देऊन एका ओळीचा नवा लेखी प्रश्न लावला, आणि नवव्या दिवशी पत्र आलं.

पत्रात मंडळासाठी घालून दिलेली तारीख होती. नवऱ्याची शस्त्रक्रिया त्याआधीच, ३८व्या आठवड्यात झाली होती. ती आमच्या प्रश्नामुळे लवकर झाली असं मी म्हणणार नाही. यादी तिच्या क्रमाने सरकत होती आणि कुणाला मागे सारून पुढे जायचं नव्हतंच. पण ती तारीख आता छापील आहे आणि यादीतल्या पुढच्या माणसाला ती दाखवून विचारता येते.

एक वेळ सांभाळा. निवडणुकीसाठी संसद विसर्जित झाली की उत्तर न आलेले प्रश्न बाद होतात. त्यामुळे शेवटच्या हिवाळ्यापर्यंत उत्तरं हातात घ्या. जुन्या उत्तरांच्या प्रती काढून ठेवा आणि मतदानानंतर नव्या आठ नावांची यादी मिळाली की पहिल्याच महिन्यात वही घेऊन एकाच्या सर्जरीला जा. नव्या आमदाराला विषय हवे असतात. तुमच्याकडे प्रश्नाचे क्रमांक, तारखा आणि मंत्र्यांनी दिलेला शब्द आधीच लिहिलेला असेल.